सर थॉमस वेड

लोणावळा, मावळ ही नावे इंग्रजीत लिहिली की त्यांतला ‘ळ’ हरवतो. उर्दूतही ‘ळ’साठी वेगळे अक्षर नाही. एका भाषेचे उच्चार दुसऱ्या लिपीत नेमके उतरवणे अवघड असते. चिनी भाषेसाठी हे काम सर थॉमस वेड यांनी केले. ते आधी सैनिक होते, मग राजदूत झाले आणि उतारवयात प्राध्यापक.

वेड यांचा जन्म २५ ऑगस्ट १८१८ रोजी लंडन येथे झाला. केंब्रिजला काही काळ शिकून ते सैन्यात गेले. १८४२ साली त्यांची पलटण चीनमध्ये पोहोचली. त्या वेळी इंग्लंड व चीन यांच्यात अफूवरून युद्ध चालू होते. ही अफू हिंदुस्थानातली. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. चीनच्या बादशहाने तिच्यावर बंदी घातली. इंग्रजांना ती मानवली नाही. वेड त्या युद्धात लढले आणि ज्यांच्याशी लढले त्यांचीच भाषा शिकू लागले.

युद्धानंतर ते हाँगकाँगमध्ये दुभाषी झाले. पुढे चढत चढत १८७१ मध्ये ते पेकिंग येथे ब्रिटनचे मुख्य प्रतिनिधी बनले.

चीनमध्ये प्रांतोप्रांती बोली बदलते. वेड यांनी राजधानी पेकिंगची बोली निवडली. यिंग नावाच्या चिनी शिक्षकांची त्यांना मोठी मदत झाली. १८६७ मध्ये वेड यांनी या बोलीचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. चिनी भाषेत ‘त’ आणि ‘थ’ वेगळे आहेत. इंग्रजीत हा फरक दाखवणारी अक्षरे नाहीत. उर्दूत आपण ‘ते’ला दोचश्मी हे जोडतो आणि ‘थ’ लिहितो. वेड यांनी अशीच युक्ती केली. त्यांनी ‘त’च्या इंग्रजी अक्षरापुढे, वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखी खूण केली. तो झाला ‘थ’!

पण हे विद्वान गृहस्थ साम्राज्याचे नोकर होते, हे विसरता येत नाही. १८७५ मध्ये चीनमध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला. त्याचे निमित्त करून वेड यांनी पुढच्याच वर्षी चीनकडून भरपाई आणि व्यापारासाठी नवी बंदरे मिळवली. चिनी लोकांची भाषा त्यांना प्रिय होती. त्या लोकांवर दडपण आणणे मात्र त्यांनी सोडले नाही.

१८८३ मध्ये ते निवृत्त झाले. १८८६ मध्ये त्यांनी आपले ४,३०४ चिनी ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाला दिले. १८८८ मध्ये तेथेच ते चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक झाले. ३१ जुलै १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले हर्बर्ट जाइल्स हेही चीनमध्ये वाणिज्यदूत होते. त्यांनी वेड यांच्या पद्धतीत सुधारणा केली होती. म्हणून ती वेड-जाइल्स पद्धत म्हणून ओळखली जाते.

आपल्या जुन्या पुस्तकांतले ‘माओ त्से-तुंग’ हे नाव याच पद्धतीतून आले. चीनने १९५८ मध्ये स्वतःची नवी पद्धत स्वीकारली, तेव्हा वेड यांची पद्धत मागे पडू लागली. तैवानच्या राजधानीच्या नावात मात्र ती टिकली आहे. फक्त ती छोटी खूण लोकांनी गाळली. म्हणून तेथील लोक आपल्या शहराच्या नावात ‘थ’ उच्चारतात आणि आपण म्हणतो ‘तैपेई’.