रामन यांचा हट्ट आणि हिऱ्याची रेघ

आज २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. शाळाशाळांत सर सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार घातला जाईल. भाषणात समुद्राचा निळा रंग येईल, नोबेल येईल. हिऱ्याचं मात्र कुणी बोलत नाही.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडचा. १९०७ मध्ये, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, सरकारी वित्त खात्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. नेमणूक कोलकात्याला. मध्ये रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली होती. दिवसा हिशेब, सकाळ-संध्याकाळ प्रयोग. १९१७ ला ही नोकरी सोडून ते कमी पगारावर प्राध्यापक झाले. घरच्यांना काय वाटलं असेल!

१९२८ मध्ये के. एस. कृष्णन यांच्या साथीनं त्यांनी दाखवलं, की पदार्थावर एकाच रंगाचा उजेड टाकला तर विखुरलेला बहुतेक उजेड त्याच रंगाचा असतो, पण अगदी थोडा रंग बदलून येतो. किती बदलला, यावरून आतले अणू कसे जोडलेत ते कळतं. १९३० ला नोबेल मिळालं. त्याच वर्षी हिऱ्याची रेघही सापडली. तिचा आकडा १३३२.

पुढं बंगळूरला असताना रामन यांना हिऱ्यानं झपाटलं. पन्नाच्या खाणीतले हिरेसुद्धा त्यांच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. पण हिऱ्यातले अणू कसे थरथरतात यावरून त्यांचं मॅक्स बॉर्न यांच्याशी वाजलं. याच बॉर्नना त्यांनी स्वतः बंगळूरला बोलावलं होतं, कायम ठेवायची खटपटही केली होती. वाद वर्षानुवर्षं चालला. बॉर्न यांचं बरोबर निघालं, पण रामन शेवटपर्यंत मागं हटले नाहीत. माणूस हट्टी, दुसरं काय! २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले.

त्यानंतर, १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी मिथेन आणि हायड्रोजन वायूपासून हिऱ्याचा पातळ थर चढवायची पद्धत कामाजोगी केली. आज ड्रिल आणि कापायच्या हत्यारांवर असा थर असतो. पण हिरा आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, दोन्ही शेवटी कार्बनच. थर चढवताना जरा गडबड झाली की हिऱ्यात काजळीसारखा कार्बन मिसळतो, आणि नुसत्या डोळ्यांनी तो ओळखणं अवघड.

मग लेझरचा उजेड टाकतात. १३३२ जवळ बारीक, टोकदार रेघ आली तर हिरा. १५०० ते १६०० च्या दरम्यान पसरट फुगवटा दिसला तर भेसळ. रेघ थोडी सरकली असेल तर थर ताणाखाली आहे, म्हणजे पुढं उचकटायची भीती. हे सगळं काही मिनिटांत कळतं, आणि हत्याराला ओरखडाही पडत नाही.