बालांग्रुडची बारा वर्षे

श्रीगणेशाला वंदन करून आम्ही यंदाही स्मरणिकेत हजेरी लावत आहोत. खेळाडूंवर लिहायची आमची हौस मंडळातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. यंदाचा खेळाडू मात्र लांबचा आहे, थेट नॉर्वेचा. आणि त्याचा खेळही असा की आपल्या गावात कुणी तो खेळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपल्याला बर्फ माहीत तो गोळ्याच्या गाडीवरचा. तिकडे हिवाळ्यात तळीच्या तळी गोठतात आणि माणसे बुटांना लांब पाती लावून त्यांवरून वाऱ्यासारखी धावतात. त्या धावण्यात ज्याने बारा वर्षे काढली, त्या ईवार बालांग्रुडची ही हकीकत.

ईवारचा जन्म ७ मार्च १९०४ चा, ऑस्लोच्या उत्तरेला हाडेलांड नावाचा शेतीचा मुलूख आहे, तिथल्या लुन्नर गावचा. त्याचे जन्माचे आडनाव एरिक्सन, पुढे त्याने बालांग्रुड हे नाव घेतले. या एका मुलुखाने बर्फाच्या शर्यतीला तीन जगज्जेते दिले: बालांग्रुड, मिखाएल स्टाक्सरुड आणि हान्स एंग्नेस्टांगेन. १९३० ते १९३८ या नऊ वर्षांतली सात जागतिक अजिंक्यपदे या तिघांनीच आपसांत वाटून घेतली. एखाद्या तालुक्याने इतका मान मिळवल्याचे उदाहरण विरळाच.

आता खेळाचे नियम थोडे सांगितले पाहिजेत, कारण आमच्या गोष्टीचा सगळा जीव नियमांतच आहे. युरोपात एका वेळी दोघेच धावत. प्रत्येकाची पट्टी वेगळी. आतली पट्टी अंतराने कमी पडते, म्हणून दर फेरीत दोघांनी पट्ट्यांची अदलाबदल करायची. शेजारचा पुढे आहे की मागे, याला फारसा अर्थ नाही. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. जागतिक अजिंक्यपदासाठी ५००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर अशा चारही शर्यती धावाव्या लागत. १९३० च्या दशकात हिशेब असा असे: ५०० चे सेकंद जसेच्या तसे, १५०० ची वेळ भागिले तीन, ५००० ची भागिले दहा, १०,००० ची भागिले वीस. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो जगज्जेता. म्हणजे नुसता चपळ माणूस चालत नाही आणि नुसता दमदारही चालत नाही.

१९२६ साली ट्राँडहाइमला बालांग्रुड पहिल्यांदा जगज्जेता झाला. तेव्हा त्याला बावीसही पूर्ण नव्हती. पण त्या काळात या खेळावर फिनलंडच्या क्लास थुनबर्गचे राज्य होते. पाच वेळा जगज्जेता आणि ऑलिंपिकची पाच सुवर्णपदके, असा तो गडी. १९२८ च्या सेंट मॉरिट्झच्या ऑलिंपिकमध्ये थुनबर्गने ५०० आणि १५०० मीटर जिंकल्या. ५०० मध्ये नॉर्वेच्या बेर्न्ट एवेन्सेनची वेळ तंतोतंत तितकीच भरल्याने सुवर्ण दोघांनाही मिळाले. बालांग्रुडला १५०० मध्ये कांस्य मिळाले. ५००० मीटर मात्र त्याने दुसऱ्यापेक्षा तब्बल ८.६ सेकंदांनी जिंकली. १०,००० मीटरची शर्यत ऊन चढल्यामुळे बर्फ वितळून मध्येच रद्द करावी लागली.

मग आले १९३२. ऑलिंपिक अमेरिकेत, लेक प्लॅसिडला. आणि यजमानांनी नियमच बदलले! शर्यती अमेरिकी पद्धतीने, सगळे एकदम सोडायचे, घड्याळाला महत्त्व नाही, जो आधी पोहोचेल तो जिंकला. अशा घोळक्यात जागा धरणे, दबा धरून बसणे आणि शेवटी मुसंडी मारणे, हे कसब वेगळेच. थुनबर्गने तर जायलाच नकार दिला. बालांग्रुड गेला. पुरुषांची चारही सुवर्णपदके अमेरिकनांनी नेली. बालांग्रुडच्या वाट्याला १०,००० मीटरचे रौप्य आले, सुवर्ण अर्व्हिंग जॅफीला.

नियम मध्येच बदलले की वर्षानुवर्षे एका पद्धतीने काम केलेल्या माणसाची काय अवस्था होते, हे आम्हा सरकारी नोकरांना कुणी समजावून सांगायला नको. अशा वेळी पुष्कळ माणसे कडवट होतात आणि उरलेली वर्षे गाऱ्हाणे सांगण्यात घालवतात. बालांग्रुडने काय केले? ऑलिंपिक आटोपल्यावर काही दिवसांतच त्याच लेक प्लॅसिडला जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. ती जुन्या नियमांनी, दोघा-दोघांची आणि घड्याळावरची. बालांग्रुड ती जिंकून दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. गाव तेच, खेळ तोच आणि माणूसही तोच. बदलला होता तो फक्त नियम.

तरीही ऑलिंपिकची रुखरुख उरली असणारच. आणि पुढचे ऑलिंपिक चार वर्षांनी. पुढची तीन अजिंक्यपदे एंग्नेस्टांगेन, एवेन्सेन आणि स्टाक्सरुड यांनी घेतली, म्हणजे सगळे आपल्याच देशाचे गडी. बालांग्रुड तिशी ओलांडून गेला. पण तो थांबला नाही.

१९३६ ची हिवाळी स्पर्धा जर्मनीत, गार्मिश-पार्टेनकिर्खेनला भरली. (त्याच वर्षी उन्हाळ्यात बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ करून दाखवले होते, हे वाचकांना आठवेल.) शर्यती पुन्हा घड्याळावरच्या होत्या. बत्तिसाव्या वाढदिवसाला तीन-साडेतीन आठवडे उरले असताना बालांग्रुड बर्फावर उतरला. पहिल्या दिवशी ५०० मीटर, म्हणजे तरण्या पायांची शर्यत. त्याची वेळ ४३.४ सेकंद, दुसऱ्याची ४३.५. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने सुवर्ण! दुसऱ्या दिवशी ५००० मीटर, फिनलंडच्या बिर्गर वासेनियसला ३.७ सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण. तिसऱ्या दिवशी १५०० मध्ये स्वतःच्याच देशाच्या चार्ल्स मथिसेनने त्याला एका सेकंदाने मागे टाकले, तिथे रौप्य. चौथ्या दिवशी १०,००० मीटर, ४०० मीटरच्या पंचवीस फेऱ्या. वेळ १७ मिनिटे २४.३ सेकंद, आणि पुन्हा सुवर्ण. त्या स्पर्धेत नॉर्वेला एकूण सात सुवर्णपदके मिळाली, त्यांतली तीन या एकट्याची. त्याच हिवाळ्यात तो युरोपचा आणि जगाचाही अजिंक्यवीर झाला.

यानंतर कुणीही समाधानाने पाती उतरवून ठेवली असती. बालांग्रुड १९३८ साली दाव्होसला पुन्हा उभा राहिला. वयाची चौतिशी महिन्यावर आलेली. १०,००० मीटर त्याने १७ मिनिटे १४.४ सेकंदांत संपवून जागतिक विक्रम केला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. पहिल्या अजिंक्यपदाला तेव्हा बारा वर्षे झाली होती.

दोनच वर्षांनी, एप्रिल १९४० मध्ये, ज्या देशात त्याचा सर्वांत मोठा गौरव झाला त्याच देशाच्या फौजा नॉर्वेत घुसल्या. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. ऐन भरातल्या कितीतरी तरुण खेळाडूंची संधी कायमची गेली. ते पाहिले म्हणजे बालांग्रुडला मिळालेली बारा वर्षे हे त्याचे भाग्यही होते, असे आम्हाला वाटते. १ जून १९६९ रोजी, पासष्टाव्या वर्षी तो निवर्तला.

चार सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य, ही त्याची ऑलिंपिकची मिळकत. ती सात पदके कुणी आमच्यापुढे मांडली, तर आम्ही आधी लेक प्लॅसिडचे रौप्य हातात घेऊ. मनासारखे नियम नसतानाही जो मैदानात उतरला, त्याचे ते पदक आहे.

उत्सवात मुलांच्या शर्यती होतीलच. त्यात ज्याचा नंबर येणार नाही आणि जो पंचांशी भांडून कोपऱ्यात रुसून बसेल, त्याला प्रसादाचा मोदक देताना ही गोष्ट अवश्य सांगा. पुढच्या वर्षीही नाव द्यायला सांगा.

गणपती बाप्पा मोरया!