अण्णाभाऊ साठे : जगण्याची झुंज आणि अस्मितेचा प्रश्न

दलित-श्रमिक जाणिवेच्या मराठी वाङ्मयाचा विचार लोकशाहीर अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांना वगळून करता येत नाही. पोवाडे, लावण्या, छक्कडी, लोकनाट्ये, कथा, कादंबऱ्या आणि प्रवासवर्णन असे विपुल लेखन त्यांनी केले. तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. या लेखनामागची प्रेरणा सामान्यतः मार्क्सवादी विचारसरणीत शोधली जाते. तसे करणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे. भुकेने गाव सोडायला लावलेल्या आणि सरकारी दप्तराने गुन्हेगार ठरवलेल्या समाजात जन्मलेल्या या लेखकापुढे दोन प्रश्न एकत्रच उभे होते. जगायचे कसे, हा पहिला. आणि कोणत्या नावाने जगायचे, हा दुसरा. या दोन प्रश्नांची गाठ त्यांच्या चरित्रात पडलेली आहे आणि त्यांच्या कवनांत व कादंबऱ्यांतही ती सतत आढळते.

तुकाराम भाऊराव साठे हे अण्णाभाऊंचे मूळ नाव. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. वाटेगाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. त्या काळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. वडील भाऊराव पोटासाठी मुंबईत राहत, तर आई वालुबाई गावी कष्ट करून मुलांना सांभाळी. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. गुरुजींचा मार आणि जातीवरून होणारा अवमान यांमुळे तो लवकरच तुटला. मात्र मांगवाड्यात हलगी, दांडपट्टा, तमाशाचे फड आणि शूर पूर्वजांच्या कथा यांचे दुसरे शिक्षण अखंड चालू होते. वारणा खोऱ्यात दंतकथा होऊन राहिलेला फकिरा हा त्यांच्या नात्यातला. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी त्याने घरी येऊन ओंजळभर सुरती रुपये दिल्याची आठवण कुटुंबात जपली गेली होती. ज्या माणसाला सरकार दरोडेखोर म्हणत होते, त्याच्याच पैशातून या घरातील बाळंतिणीची सोय झाली होती. या घटनेतील विसंगती पुढे अण्णाभाऊंच्या सर्वांत महत्त्वाच्या कादंबरीचे बीज ठरली.

१९३०नंतरच्या दुष्काळी वर्षांत साठे कुटुंबाने वाटेगाव सोडले. गाडीभाड्याला पैसे नसल्याने सर्वांनी मुंबईची वाट पायी तुडवली. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तिथे मुक्काम करीत हे कुटुंब मुंबईला पोहोचले आणि भायखळ्याच्या चाळीत राहू लागले. कोळसे वेचणे, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहणे, हमाली, पुढे कापडगिरणीतील नोकरी अशी अनेक कामे अण्णाभाऊंनी केली. अक्षरओळखही त्यांना याच शहराने दिली. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचत ते साक्षर झाले. गिरणीतील काम सुटल्यानंतर काही काळ ते गावी परतले आणि नातलग बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरले. पुन्हा मुंबईला आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी निकटचा संबंध आला. गावाकडून आणलेली लोककला आणि कामगार वस्तीत मिळालेला विचार यांच्या संयोगातून त्यांची शाहिरी आकाराला आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ हे कवन लिहिले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथका’ची स्थापना झाली. स्टालिनग्राड अथवा बंगाल अण्णाभाऊंनी पाहिले नव्हते. परंतु उपासमार आणि वेढ्यात अडकलेल्या माणसाची जिद्द हा त्यांच्या अनुभवाचाच भाग होता. त्यामुळे दूरच्या घटनाही त्यांच्या पोवाड्यात परक्या वाटत नाहीत. तमाशाच्या परंपरागत रचनेतही त्यांनी जाणीवपूर्वक बदल केला. गणातील देवस्तवनाच्या जागी मायभूमीचे आणि श्रमिकांचे वंदन आले, गवळण गळाली आणि वगातून सावकार, जमीनदार व पुढारी यांचे खरे रूप लोकांसमोर मांडले गेले. ज्या जातींनी तमाशा जिवंत ठेवला, त्यांच्याच जीवनाचे प्रश्न अशा रीतीने तमाशाच्या मध्यभागी आले. आपला सांस्कृतिक वारसा न टाकता त्याचा आशय बदलण्याची ही पद्धत अण्णाभाऊंच्या संपूर्ण लेखनात दिसते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. त्यावरून या प्रयोगांचा प्रभाव लक्षात येतो.

मुंबई हा अण्णाभाऊंच्या कवनांचा एक महत्त्वाचा विषय. पठ्ठे बापूराव यांनी मुंबईचे वैभव लावणीत गायले होते. अण्णाभाऊंनी त्याच लावणीच्या ठेक्यावर दुसरी मुंबई उभी केली. एका बाजूला मलबार हिल आणि दुसऱ्या बाजूला रात्रंदिवस राबणारे परळ, असे तिचे चित्र आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लिहिलेली ‘माझी मैना’ ही छक्कड मात्र याहून वेगळ्या पातळीवर जाते. पोटासाठी मुंबईला आलेल्या तरुणाची पत्नी गावीच राहिली आहे. तिचे रूप, तिचा निरोप आणि शहरातील बेकारी यांचे वर्णन करीत रचना पुढे सरकते. नंतर हाच विरह प्रदेशाचा होतो. मराठी भाषिकांचे राज्य पुरे व्हायचे तर बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांवाचून ते अपुरेच राहील, ही खंत मैनेच्या आठवणीत मिसळते. राजकीय मागणी येथे घोषणेच्या रूपाने येत नाही. लक्षावधी गिरणी कामगारांनी प्रत्यक्ष भोगलेल्या ताटातुटीचा आधार तिला मिळतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, मुंबई मिळाली, पण बेळगाव आणि कारवार राज्याबाहेरच राहिले. छक्कडीतील उणीव म्हणूनच भरून निघाली नाही आणि ती रचना चळवळ संपल्यावरही गायली जात राहिली.

भुकेपुढे माणसाचे माणूसपण किती टिकते, याचा सर्वांत कठोर शोध ‘स्मशानातील सोनं’ या कथेत आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईला येतो, उपनगरातील खाणीत काम मिळवतो आणि खाण बंद पडताच बेकार होतो. प्रेताच्या राखेत सापडलेले सोने त्याला नवा धंदा दाखवते. मग तो पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. अखेर प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात, आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या कथेत भीमाचा धिक्कारही नाही आणि गौरवही नाही. मुडदाफरासापेक्षा वाईट ठरलेल्या कामाकडे धडधाकट माणसाला कोण ढकलते, हा प्रश्न मात्र वाचकाला टाळता येत नाही. नुसते जिवंत राहणे आणि माणूस म्हणून जगणे यांतील अंतर अण्णाभाऊंना पुरते ठाऊक होते. ‘फकिरा’ वाचताना ही जाण ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभली आणि ती अण्णाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरीचा आरंभ फकिराचा बाप राणोजी याच्या पराक्रमाने होतो. शिगावची जोगणी आणून तो वाटेगावला जत्रेचा मान मिळवून देतो आणि त्यासाठी प्राण गमावतो. मांगवाड्यातील माणूस साऱ्या गावाच्या मानासाठी मरतो, हा प्रसंग पुढील कथानकाचा पाया आहे. दुष्काळात त्याच मांगवाड्यातील माणसे अन्नावाचून मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना लुटतो आणि मिळालेले वाटून टाकतो. गावचे विष्णुपंत कुलकर्णी त्याच्या पाठीशी उभे राहतात. शेवटी सरकार त्याच्या आप्तांना ओलीस धरते आणि त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून स्वाधीन होतो.

या कथेची पार्श्वभूमी इतिहासात आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली. या व्यवस्थेत कित्येक जमातींतील माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे; गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच जन्माने माणूस संशयित ठरे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, परंतु त्याने लावलेला कलंक समाजमनातून गेला नाही. या लोकांविषयीची लिखित नोंद बहुतेक पोलिसांच्या दप्तरातच होती. ‘फकिरा’ने त्या नोंदीच्या शेजारी दुसरी नोंद ठेवली. चोरी कोणती आणि भुकेल्यांचा हक्क कोणता, दरोडेखोर कोण आणि रक्षणकर्ता कोण, याचा निवाडा तिने मांगवाड्याच्या बाजूने केला.

अण्णाभाऊंचे नायक अतिशूर, अतिउदार आणि रोमांचक आहेत, असा आक्षेप समीक्षेने वारंवार घेतला आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांत योगायोग भरपूर आहेत, काही घाईने लिहिलेल्या जाणवतात आणि खलपात्रे एकरंगी होतात. तथापि ज्या वास्तववादाच्या कसोटीवर हा आक्षेप उभा आहे, ती कसोटी मध्यमवर्गीय कादंबरीतून घेतलेली आहे. पोवाड्याच्या परंपरेत वीराचे गुण वाढवून सांगणे हा दोष नसतो. त्याची स्मृती टिकवण्याचे ते साधन असते. ज्यांच्या पूर्वजांचे पोवाडे कोणी रचले नाहीत, त्यांच्यासाठी अण्णाभाऊंनी कादंबरीचा पोवाडा केला. शिवाय त्यांची दृष्टी एका जातीपुरती राहिली नाही. ‘माकडीचा माळ’मध्ये भटक्या जमातींचे जग आले, ‘वैजयंता’मध्ये तमाशातील कलावंत स्त्रीची मानासाठीची झुंज आली, ‘चित्रा’मध्ये फसवून मुंबईला आणलेल्या स्त्रियांचे दुःख आले.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर उभी आहे, असा आशय त्यांनी त्या भाषणात मांडला. पुराणातील प्रतिमा घेऊन तिचा भार वाहणारा बदलायचा, ही गणाच्या बाबतीत वापरलेली रीतच येथे पुन्हा दिसते. मार्क्सवाद आणि आंबेडकरी विचार यांना त्यांनी एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले नाही, हेही या भाषणातून आणि ‘फकिरा’च्या अर्पणपत्रिकेतून स्पष्ट होते.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. तरीही त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना घर मिळाले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. ज्या विपन्नावस्थेविरुद्ध त्यांनी आयुष्यभर लिहिले, तीतून स्वतः त्यांची सुटका झाली नाही.

मरणोत्तर सन्मान हळूहळू आले. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये त्यांचे निवडक वाङ्मय प्रकाशित केले, २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या सन्मानांबरोबरच त्यांच्या कृतींचे बारकाईने वाचन होणे अगत्याचे आहे. लोककलेतून आलेली कथनरीती आणि लिखित कादंबरी यांचा त्यांनी घातलेला मेळ अजून पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. वाङ्मयीन मूल्यांची चर्चा करताना अण्णाभाऊंना अपवाद म्हणून बाजूला ठेवण्याऐवजी त्यांच्या लेखनावरून ती मूल्ये तपासून पाहिली, तर मराठी कादंबरीच्या इतिहासाची मांडणीही काही प्रमाणात बदलावी लागेल.