वेळेचा विश्वासू कारभारी : डॉ. विल्यम केरी

आपल्या खेडेगावच्या मंडळ्यांत एक तक्रार वारंवार कानी पडते. उपदेशकास विचारावे तर तो म्हणतो, एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यातच दिवस सरतो, शास्त्राभ्यासास सवड कोठून आणावी? शेतकरी बंधूस विचारावे तर तो म्हणतो, खुरपणी, गुरे आणि बाजार ह्यांतून प्रार्थनेस वेळच उरत नाही. ही तक्रार अगदीच खोटी नव्हे. गरिबाचा दिवस खरोखर कष्टात जातो. तथापि ज्याचा दिवस आपल्याइतकाच कष्टाचा होता, अशा एका प्रभूच्या सेवकाचे चरित्र आज आपणापुढे ठेवितो. तो सेवक म्हणजे डॉ. विल्यम केरी.

केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी नामक खेड्यात झाला. वडील हातमागावर विणीत असत व पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाची शाळा लवकरच सुटली आणि त्यास जोडे शिवण्याचा धंदा शिकण्याकरिता एका कारागिराकडे ठेवण्यात आले. हा मुलगा काम करता करता पुस्तक वाची. अशा रीतीने त्याने लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा हळूहळू आत्मसात केल्या. पुढे मोल्टन येथील लहानशा मंडळीचे पाळक झाल्यावर वेतन इतके अपुरे होते की, त्यांस शाळाही चालवावी लागे आणि जोडेही शिवावे लागत. त्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी कागद चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला होता व प्रत्येक देशाची माहिती त्यावर लिहून ठेविली होती. हात कामात असत, परंतु मन सुवार्ता न पोहोचलेल्या लोकांविषयी विचार करीत असे. त्यातूनच १७९२ साली केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी मंडळीची स्थापना झाली, आणि पुढील वर्षी नोव्हेंबर महिन्यात केरी सहकुटुंब बंगालात उतरले.

पहिली वर्षे मोठ्या संकटाची गेली. पैसा संपला. मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेख करून त्यांनी पोट भरले. १७९४ साली त्यांचा पीटर नावाचा लहान मुलगा वारला. पहिला बंगाली बंधू कृष्ण पाल ह्याचा बाप्तिस्मा होण्यास १८०० सालचा डिसेंबर उजाडला. सात वर्षांत एकही फळ दिसले नाही, तरी दररोजचे भाषांतर थांबले नाही. आपल्या अंगी काही विशेष बुद्धी नसून केवळ नेटाने चालत राहण्याचा गुण आहे, असे ते स्वतःविषयी मानीत.

१८०० साली ते बंगालातील श्रीरामपूर येथे गेले. (आपल्याकडील त्याच नावाचे गाव हे नव्हे.) १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते शिक्षक झाले. १८०६ सालच्या एका पत्रात त्यांनी आपला एक दिवस कसा गेला ते मित्रास कळविले आहे. पहाटे पावणेसहाला उठून हिब्रू शास्त्राचा अध्याय वाचला व सात वाजेपर्यंत एकांतात प्रार्थना केली. मग चाकरमाणसांसह बंगालीत कुटुंबप्रार्थना झाली. चहा येईपर्यंत मुन्शीजवळ फारशी वाचली. न्याहरीनंतर दहापर्यंत पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर केले, नंतर कॉलेजात शिकविले. परत आल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासली. दुपारच्या जेवणानंतर सहा वाजेपर्यंत मत्तयाचे संस्कृत भाषांतर, मग तेलुगू पंडिताजवळ अभ्यास, साडेसातला उपदेश, त्यानंतर अकराच्या सुमारापर्यंत यहेज्केलाचे बंगाली भाषांतर. शेवटी पत्रलेखन, ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय आणि प्रार्थना. पाहा, चहा येईपर्यंतची ती थोडी मिनिटेही वाया गेली नाहीत.

ह्या मिनिटांचे फळ आपणांसही मिळाले आहे. त्या कॉलेजात केरी मराठीही शिकवीत. पंडित वैद्यनाथ ह्यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठी कोश छापला, आणि १८११ साली मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला.

११ मार्च १८१२ रोजी रात्री त्या छापखान्यास आग लागली. अनेक भाषांचे खिळे, कागद, व्याकरणांच्या व बहुभाषी कोशाच्या हस्तलिखित प्रती जळाल्या. कित्येक वर्षांचे श्रम एका रात्रीत राख झाले. केरी ह्यांनी देवापुढे मान लवविली आणि एकदा चाललेली वाट दुसऱ्या वेळी सोपी जाते असे म्हणून ते पुन्हा कामास लागले.

परंतु त्यांच्या वेळापत्रकाची थोरवी नुसत्या नियमितपणात नव्हती. ४ डिसेंबर १८२९ रोजी सरकारने सतीची चाल बंद करणारा कायदा केला व तो बंगालीत उतरविण्याकरिता केरींकडे धाडला. तो कागद त्यांच्या हाती रविवारी सकाळी, उपासनेस निघण्याच्या वेळी पडला. त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले, पंडितास बोलाविले आणि सायंकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. एका दिवसाचा विलंब म्हणजे आणखी काही विधवांचा प्राण, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एक दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. त्यांची पत्नी डोरोथी ह्यांची इच्छा नसता त्या ह्या देशी आल्या. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांचे चित्त भ्रमिष्ट झाले आणि १८०७ साली मरण येईपर्यंत त्यांनी फार क्लेश सोसले. मुलेही बापाच्या कामाच्या गर्दीत मोकाट वाढत होती. मार्शमनबाई व वॉर्ड ह्यांनी त्यांस हाती धरले म्हणून ती मार्गास लागली. देवाच्या सेवकाने हेही वाचावे. घरच्या माणसांना द्यावयाचा वेळही धन्याचाच ठेवा आहे. तो दुसरीकडे खर्चून कारभार विश्वासू ठरत नाही.

९ जून १८३४ रोजी केरी श्रीरामपूर येथे प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

बंधुभगिनींनो, दाखल्यातल्या धन्याने कोणास पाच, कोणास एक तालांत दिला, परंतु हिशेब सर्वांकडून घेतला. आपणांस मोठे कोश लिहावयाचे नाहीत. तरी गाडीची वाट पाहताना, दिवेलागणीनंतर, भाकरी तव्यावर असताना, जी थोडी घटका हाती येते तिचे आपण काय करितो? ह्या आठवड्यात अशी एक घटका निवडा. उपदेशकाने तीत एक अध्याय वाचावा, आईने मुलाला एक गोष्ट सांगावी, आणि ज्याच्या शेजारी आजारी माणूस आहे त्याने त्याच्या दारी जावे. पुढील आठवड्यातही तीच घटका राखावी. केरी ह्यांनी चाळीस वर्षे हेच केले. प्रभू आपणा सर्वांस तसा नेट देवो.