बुरशीतून औषध घडविणारे ताकामिने

गेवराई तालुक्यातील उमापूरच्या शेतकऱ्याची ज्वारीची भाकरी असो वा जपानी माणसाचा भात, दोहोंतील पिष्टमय भाग पचविण्याचे काम शरीरातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, करतात. असे विकर बुरशीकडून मिळवून ते औषध म्हणून रुग्णांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे श्रेय जोकिची ताकामिने यांना जाते.

त्यांचा जन्म १८५४ मध्ये जपानमधील ताकाओका येथे झाला. वडील वैद्य होते, तर आईचे माहेर साके हे तांदळाचे मद्य बनविणारे. तांदळावर वाढणारी कोजी ही बुरशी त्या व्यवसायाचा प्राण. टोकियोत पदवी आणि ग्लासगोत उच्च शिक्षण घेतल्यावर ताकामिने काही काळ सरकारी सेवेत होते. १८८७ मध्ये त्यांनी कॅरोलाइन हिच या अमेरिकी युवतीशी विवाह केला आणि १८९० मध्ये ते सहकुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले.

व्हिस्कीसाठी धान्यातील पिष्टाची साखर करावी लागते. त्याकरिता तेथे मोड आणलेले सातू वापरीत. ताकामिने यांनी त्याऐवजी गव्हाच्या कोंड्यावर वाढविलेली कोजी सुचविली. माल्ट उत्पादकांचा विरोध, कारखान्याला लागलेली आग आणि यकृताचा गंभीर आजार यांपुढे ही योजना टिकली नाही. घरसंसार परदेशात आणि हाती अपयश, अशी ती अवस्था होती.

तथापि, जे विकर भट्टीत पिष्टाचे विघटन करते, ते माणसाच्या पोटातही करील, हे त्यांनी ओळखले. कोंड्यावरील बुरशीचा अर्क पाण्यात उतरवून आणि अल्कोहोलने साका पाडून त्यांनी ते विकर वेगळे केले. १८९४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवजन्य विकरासाठीच्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते. पार्क-डेव्हिस कंपनीने 'टाका-डायास्टेज' या नावाने ते अपचनावरील औषध म्हणून बाजारात आणले. पुढे १९०० मध्ये केइझो उएनाका या सहकाऱ्यासह त्यांनी ॲड्रेनॅलिन स्फटिकरूपात मिळविले.

१९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे ताकामिने यांचे निधन झाले. त्यानंतर रक्ताची गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि बालकांच्या रक्तकर्करोगावरील ॲस्परॅजिनेज ही जिवाणूजन्य औषधे आली. पाचक औषधांत बुरशीजन्य डायास्टेज आजही असते. मद्याच्या भट्टीत नाकारली गेलेली बुरशी अखेर औषधाच्या बाटलीत स्थिरावली.