तीन मिनिटांमागचे एक वर्ष

गेटवेहून सुटलेली बोट तासाभरात मांडव्याच्या जेट्टीला लागते. शनिवारी संध्याकाळी सुट्टीच्या घरी पोहोचलेल्या मुंबईकरांना भूक लागलेली असते. साग्रसंगीत स्वयंपाकाचा उत्साह मात्र नसतो. अशा वेळी कामी येते ते झटपट चिकन रामेन. हाडासकट कोंबडीचे तुकडे आले, लसूण, मिरी आणि मीठ घालून कुकरमध्ये शिजवायचे, उकळत्या रश्शात नूडल्स सोडायच्या, वर उकडलेले अंडे आणि चिरलेली कांद्याची पात घालायची. रस्सा घरचा असला की पाकिटातला खारट मसाला निम्मा पुरतो. नूडल्सना तर जेमतेम तीन मिनिटे लागतात. ही तीन मिनिटे जगाला देणारे मोमोफुकू आंदो त्यासाठी वर्षभर एका शेडमध्ये राबले होते. तेही ऐन सत्तेचाळिशीत सर्वस्व गमावल्यानंतर.

आंदो यांचा जन्म ५ मार्च १९१० रोजी तैवानमध्ये झाला. त्या वेळी तैवान जपानच्या ताब्यात होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि कापडाचे दुकान चालवणाऱ्या आजी-आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. बाविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःचा कापडधंदा सुरू केला आणि १९३३ मध्ये ते ओसाकाला आले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात त्यांचा व्यवसाय बेचिराख झाला.

युद्धोत्तर जपान उपाशी होता. ओसाकाच्या उमेदा स्थानकामागील काळ्या बाजारात, कडाक्याच्या थंडीत, रामेनच्या एका टपरीसमोर लागलेली लांबलचक रांग आंदो यांनी पाहिली. वाफाळत्या वाडग्यासाठी ताटकळणारी ती माणसे त्यांच्या मनातून कधीच गेली नाहीत. अमेरिकेकडून मदत म्हणून येणाऱ्या गव्हाचा पाव करून खा, असा सरकारचा आग्रह होता. त्याच गव्हाच्या नूडल्स का करू नयेत, असा आंदो यांचा सवाल होता.

पण तिथवर पोहोचण्यापूर्वी बरेच सोसायचे होते. उरण-पेणच्या मिठागरांची आठवण व्हावी असा मिठाचा उद्योग त्यांनी ओसाकाजवळच्या किनाऱ्यावर उभारला होता. पुढे करचुकवेगिरीच्या आरोपाखाली त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास घडला. त्यातून सावरतात तोच, १९५७ मध्ये, ते अध्यक्ष असलेली पतसंस्था बुडाली. हाती उरले ते इकेदा गावातील भाड्याचे घर.

त्याच घराच्या परसात त्यांनी एक छोटी शेड बांधली. दररोज जेमतेम चार तास झोप घेऊन पीठ मळणे, नूडल्स पाडणे, वाफवणे आणि वाळवणे सुरू झाले. महिनोन्महिने प्रयोग फसत राहिले. नूडल्स टिकायला हव्या होत्या आणि गरम पाण्यात लगेच मऊही व्हायला हव्या होत्या. एके दिवशी पत्नी मासाको टेम्पुरा तळताना दिसली आणि उत्तर सापडले. उकळत्या तेलात पिठातील पाणी झपाट्याने बाहेर पडते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. त्याच छिद्रांतून गरम पाणी पुन्हा आत शिरते.

२५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आले. किंमत होती ३५ येन. ताजे उडॉन त्या वेळी सहा येनला मिळत असल्याने दुकानदारांनी नाके मुरडली. गिऱ्हाइकांनी मात्र पाकिटे उचलली. आंदो तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

चव कोंबडीचीच ठेवण्यामागेही हिशेब होता. हिंदू गोमांस खात नाहीत, मुस्लिम डुकराचे मांस खात नाहीत. कोंबडीला मात्र कोणत्याही धर्माची मनाई नाही, अशी त्यांची समजूत होती. भारतातील कोट्यवधी शाकाहारी या हिशेबातून निसटले. त्यांच्या निस्सिन कंपनीचे टॉप रामेन १९९१ मध्ये इथे आले, तोवर आणखी एका परदेशी कंपनीच्या नूडल्स घरोघरी पोहोचल्या होत्या. बाजी मारली ती मसाल्याच्या चवीने!

आंदो यांनी तंत्र स्वतःपुरते ठेवले नाही. १९६४ मध्ये उद्योगाची संघटना उभारून त्यांनी इतर उत्पादकांनाही परवाने दिले. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथले व्यापारी कागदी पेल्यात नूडल्स मोडून घालतात, हे त्यांच्या नजरेने टिपले आणि १९७१ मध्ये ‘कप नूडल्स’ जन्माला आल्या. २००५ मध्ये त्यांच्या कंपनीचे रामेन ‘डिस्कव्हरी’ यानातून अंतराळातही गेले.

मैदा, तेल आणि मीठ यांमुळे या पदार्थावर टीका होत राहिली. आंदो स्वतः जवळजवळ रोज चिकन रामेन खात. ५ जानेवारी २००७ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इकेदाच्या संग्रहालयात त्यांच्या त्या शेडची प्रतिकृती जपून ठेवली आहे. एक कढई, साधी अवजारे आणि चार भिंती. एवढ्यावरच त्यांनी सत्तेचाळिशीनंतरचा संसार पुन्हा मांडला होता.