बिशप अझरिया

आपल्या देशांतील ख्रिस्ती मंडळीचा कारभार दीर्घकाल परदेशीय मिशनऱ्यांच्या हातीं होता. शाळा, दवाखाने व देवळें त्यांनीं उभारलीं. पैसा त्यांच्या देशांतून येई. आणि अर्थातच अखेरचा शब्दही त्यांचाच असे. हा कारभार हिंदी माणसांच्या हातीं कसा व कोणत्या कसोटीनें यावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्वत्र निघूं लागला. ज्या पुरुषाला त्या प्रश्नाचें उत्तर आपल्या आयुष्यानें द्यावें लागलें, त्या वेदनायकम् सॅम्युएल अझरिया यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

अझरिया यांचा जन्म ता. १७ ऑगस्ट १८७४ रोजीं तामीळ देशाच्या दक्षिण टोंकाकडील तिन्नेवेल्ली भागांत, वेल्लाळनविळै या खेड्यांत झाला. वडील त्या खेड्याच्या मंडळीचे पाळक होते. विद्यार्थिदशेंतच अझरिया यांचें पितृछत्र हरपलें. आई एलन या मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करीत; त्यांच्या करड्या शिस्तींत हा मुलगा वाढला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. परंतु आजारीपणामुळें शेवटची परीक्षा हुकली व पदवी मिळाली नाहीं. पुढें १९२० सालीं केंब्रिज विश्वविद्यालयानें त्यांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. परीक्षेंतील अपयशानें खचून जाणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१८९५ पासून ते वाय. एम. सी. ए. या तरुणांच्या संस्थेचे चिटणीस म्हणून दक्षिण हिंदुस्थानांत हिंडत होते. १८९८ सालीं अन्बु मरियम्माळ या सुशिक्षित मुलीशीं त्यांचा विवाह हुंड्यावांचून व थाटमाटावांचून झाला. १९०२ सालीं ते सिलोनांतील जाफना येथें गेले. तेथील तामीळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशानें आपले उपदेशक दूरदेशीं पाठवितात हें त्यांनीं पाहिलें, आणि तिन्नेवेल्लीची एवढी मोठी व जुनी मंडळी असें कांहींच करीत नाहीं याची त्यांना लाज वाटली. ता. १२ फेब्रुवारी १९०३ रोजीं त्यांनीं आपल्या प्रांतांत एक हिंदी मिशनरी संस्था काढली. माणसें हिंदी, पैसा हिंदी व व्यवस्थाही हिंदी, असा तिचा कटाक्ष होता. संस्थेनें कार्यक्षेत्र निवडलें तें निजामाच्या राज्यांतील डोर्नाकल. त्याच राज्यांत त्या काळीं आपला मराठवाडाही होता. डोर्नाकल मात्र पूर्वेकडच्या तेलुगू मुलखांत.

दुसऱ्यांस पाठवून आपण घरीं बसावें हें अझरिया यांच्या मनास पटेना. १९०९ सालीं त्यांनीं चिटणिसाची मानाची जागा सोडली, धर्मसेवेची दीक्षा घेतली व पस्तिसाव्या वर्षीं परकी भाषा शिकून ते डोर्नाकलास राहिले. पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेंत त्यांनीं स्पष्टपणें सांगितलें कीं, मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल हिंदी मंडळी सदैव कृतज्ञ राहील. पण तिला आतां हवी आहे ती बरोबरीची मैत्री. हें बोलणें पुष्कळांना झोंबलें.

त्यानंतर मद्रासचे बिशप व्हाइटहेड यांनीं डोर्नाकलचा निराळा धर्मप्रांत करून त्यावर अझरिया यांस नेमण्याची खटपट चालविली. विरोध दोन्हीं बाजूंनीं झाला. हिंदी बिशपाच्या हुकमतींत युरोपियनांनीं कसें वागावें, अशी एकीकडे शंका. तर दुसरीकडे कांहीं हिंदी ख्रिस्ती लोकांच्याच डोळ्यांत त्यांची नाडार जात खुपली. तरी ता. २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलांत अकरा बिशपांनीं मिळून त्यांस दीक्षा दिली. अँग्लिकन मंडळींत बिशप होणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. वय अवघें अडतीस. आरंभीं त्यांचा प्रांत लहानच होता. १९२० नंतर तेलुगू मुलखांतील मोठा टापू त्याला जोडला गेला आणि परदेशीय मिशनरीही त्यांच्या देखरेखीखालीं काम करूं लागले.

त्यांच्या मंडळींतील बहुतेक लोक माल व मादिग या अस्पृश्य मानलेल्या जातींचे गरीब शेतमजूर होते. या दोन जातीही एकमेकींच्या हातचें खात नसत. प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच पेल्यांतून सर्वांनीं प्यावें, यावर बिशपांनीं कधींही माघार घेतली नाहीं. बैलगाडींतून ते खेडोपाडीं जात. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकास आपल्या मस्तकावर हात ठेवून, शुभवर्तमान सांगणें हें माझेंही कर्तव्य आहे, असें कबूल करावयास लावीत. रोज चूल पेटविण्यापूर्वीं मूठभर तांदूळ मंडळीसाठीं बाजूला काढावेत, ही चाल त्यांनीं घरोघरीं वाढविली. कारण जी मंडळी स्वतःच्या पाळकाचें पोट भरीत नाहीं तिला स्वतःचा कारभारही मागतां येत नाहीं, हें ते जाणून होते. खेड्यांतील मुलें शिकवून त्यांतून शिक्षक, उपदेशक व पाळक तयार करणें हें त्यांचें मुख्य काम. १९३५ च्या सुमारास त्यांच्या प्रांतांत ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांवर गेली होती. ता. ६ जानेवारी १९३९ रोजीं डोर्नाकलचें मोठें देऊळ समर्पित झालें. त्याच्या बांधणींत हिंदु व मुसलमानी शिल्पाचा ख्रिस्ती उपासनेशीं सुंदर मेळ घातलेला आहे.

ता. १ जानेवारी १९४५ रोजीं ते परलोकवासी झाले. निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक व्हाव्या म्हणून १९१९ पासून त्यांनीं जे श्रम केले, त्यांचें फळ ता. २७ सप्टेंबर १९४७ रोजीं दक्षिण हिंदुस्थानच्या एकत्रित मंडळीच्या रूपानें आलें. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

येथें एक कटु गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. १९१२ पासून १९४५ पर्यंत, बत्तीस वर्षें, अँग्लिकन मंडळींत धर्मप्रांताचे स्वतंत्र अधिपति असे हिंदी बिशप ते एकटेच राहिले. आणि त्यांच्या मागून डोर्नाकलच्या आसनावर पुन्हा परदेशीय बिशपच आले. एका लायक माणसाला आसन दिलें म्हणजे कारभार हातीं आला असें होत नाहीं, हें यावरून दिसतें. वरच्या मंडळींनीं देण्यास उशीर केला. परंतु अझरिया यांनीं खालीं गांवोगांवीं जीं माणसें तयार केलीं त्यांना कोणी पदच्युत करूं शकलें नाहीं. पुढें हिंदी बिशप सर्वत्र झाले, ते अशाच पिढीच्या जोरावर.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी वर्गनायक होतील, कोणी शिक्षक, कोणी पंच. अधिकार मिळाला म्हणजे तो गाजविण्याचा मोह होतो. त्या वेळीं आपल्या हातून आपल्यामागें उभीं राहणारीं किती माणसें तयार झालीं, हा हिशेब प्रत्येकानें मांडून पाहावा. डोर्नाकलच्या या बिशपांनीं तो जन्मभर मांडला.